लेकुरवाळा दोर

खाडीत नव्यानं आलेल्या त्या जिवाला शास्त्रात एक लांबलचक नाव आहे, पण धक्क्यावरच्या लोकांना ते काही पचलं नाही. त्यांनी त्याचं नाव घरजावई ठेवलं. बाहेरून येतो, हातपाय पसरतो, आयतं खातो आणि जायचं नाव काढत नाही, मग दुसरं काय म्हणणार? दिसायला ओल्या कणकेच्या थरासारखा, पिवळट आणि बुळबुळीत. होडीचा तळ, धक्क्याचे खांब, शिंपल्यांच्या शेतीचे दोर, सापडेल त्यावर तो चढायचा आणि खालच्या शिंपल्यांना तोंड उघडायलाही जागा ठेवायचा नाही. दोर वर ओढावा तर शिंपल्यांऐवजी लगदाच हातात यायचा.

पंचाईत अशी की धक्क्यावर खराखुरा घरजावईही एक होता. तात्यांच्या धाकट्या मुलीचा नवरा. दूरच्या एका बंदरातून स्वतःची होडी घेऊन आला, धाकटीशी लग्न केलं आणि सासऱ्याच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहिला. पाणबुड्याचं काम करायचा, बोलायचा कमी. कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल लोक जास्त बोलतात, ही जगाची रीतच आहे. तो आला आणि मागोमाग ही ब्याद आली, एवढं लोकांना पुरलं. हल्ली कोणी 'घरजावई फार माजलाय' असं म्हटलं की चारजण हसायचे आणि जावई मान खाली घालून होडीचा दोर गुंडाळत राहायचा.

तात्या शिंपलेवाल्यांच्या संस्थेचे अध्यक्ष होते. बाहेरचं जुनं सामान अख्खा उन्हाळा उन्हात वाळवल्याशिवाय खाडीत उतरवायचं नाही, हा नियम त्यांनीच केलेला आणि त्यांनीच कित्येकांच्या मानेवर बसून पाळायला लावलेला. आता संस्थेनं ठरवलं होतं की ज्याच्यामुळे ही कीड आली त्यानं खाडी सोडायची, मग तो कोणी का असेना. निकाल पुढच्या सभेत. तात्यांनी घरापुरता निकाल आधीच लावून टाकला होता. "तो जाईल. धाकटी कुठे जाणार नाही," ते जेवताना म्हणाले. धाकटीला सातवा महिना लागला होता. ती भरल्या ताटावरून उठली आणि आईनं तिच्या पानात वाढलेलं परत भांड्यात काढून ठेवलं.

थोरली मुलगी शहरातल्या प्रयोगशाळेत होती. समुद्रात उपटसुंभासारखे आलेले जीव मुळात कुठले, हे त्यांच्या जनुकांवरून शोधणं हेच तिचं काम, म्हणून संस्थेनं तिलाच बोलावलं. संशय घ्यायचा तिला पगार मिळत होता आणि पगार नसता तरी तिनं तो घेतलाच असता. आईनं भाजीत मीठ घातलंय म्हटलं तरी ती चाखून बघायची. जावयाबद्दल तर लग्नाच्या दिवशीच तिनं धाकटीच्या कानात विचारलं होतं, "याची नीट चौकशी केली आहेस ना?" धाकटीनं तेव्हा उत्तर दिलं नव्हतं आणि तो प्रश्न ती विसरलीही नव्हती.

थोरली आली ती थेट धक्क्यावर गेली. संस्थेच्या प्रत्येक होडीचा तळ, प्रत्येक खांब, प्रत्येकाचे दोर तिनं स्वतः तपासले. कोणी म्हणालं, "तुम्ही राहू द्या, मी देतो खरवडून," तर ती ऐकून न ऐकल्यासारखं करून पुढं सरकायची आणि स्वतःच्या चिमट्यानं तुकडा उचलून बाटलीत टाकायची. पाण्यात उतरून तिचे ओठ निळे पडले होते, पण तिनं दुसऱ्या कोणाच्या हाताला बाटली लागू दिली नाही.

जावयाची होडी ओळखायला सोपी. इथल्या सगळ्या होड्यांचे तळ काळे, त्याचा एकट्याचा तांबडा. त्याच्या बंदरात तसाच रंग लावायची रीत होती आणि दरवर्षी तो तिथूनच डबा मागवायचा. थोरली खाली वाकून बघते तर तळ घासूनपुसून लख्ख. सुकाणूच्या आडोशाला तेवढा तळहाताएवढा एक थर उरला होता.

"तळ कधी घासला?" तिनं विचारलं.

"परवा."

"मी येणार हे कळल्यावर?"

"लोक रोज येऊन तळ बघतात, ताई. बघतात आणि हसतात. म्हणून घासला." त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "तेवढं सुकाणूपाशी राहिलंय. घ्या तुम्हाला हवं तेवढं."

तिच्या मनात पाल चुकचुकली. पुरावा पुसणारा माणूस असंच सांगणार, आणि शेवटचा तुकडा मोठ्या मनानं पुढे करणार. तिनं तो तुकडा घेतला आणि बाटलीवर चिठ्ठी लावताना अक्षर जरा जास्तच ठसठशीत काढलं.

तात्यांचे दोर खाडीच्या तोंडाशी, सगळ्यात लांब. ती तिकडे निघणार तोच तात्या धक्क्यावर आले. त्यांच्या हातात बाटली होती, आत पिवळट तुकडे, स्पिरिटसुद्धा घातलेलं. "सहा दोरांवरचे सहा तुकडे आहेत," ते म्हणाले. "सकाळीच काढून आणले. किती वेळ भिजशील? लहानपणी एका सर्दीत महिना महिना खोकायचीस."

थोरलीला भरून आलं. दिवसभर सगळे तिच्याकडे कावळ्यासारखे टपून बघत होते, आणि हे एकच माणूस तिच्या सर्दीची काळजी करत होतं. तिनं बाटली घेतली, चिठ्ठीवर 'तात्यांचे दोर' लिहिलं आणि पेटीत ठेवली.

प्रयोगशाळेत काम सुरू झालं. या जिवाची एक खोड अशी की त्याचा तुकडा तुटला तर तो तुकडाही जगतो आणि दुसरीकडे वाढतो. फांदी लावून झाड वाढवावं तसंच. त्यामुळे एकाच जिवाचे तुकडे कुठेही सापडले तरी त्यांचा जनुकीय ठसा तंतोतंत जुळतो. शिवाय त्याला पिल्लंही होतात, आणि ती पोहतात पण लांब जात नाहीत, जवळच्याच कशाला तरी चिकटतात. म्हणून जिथे हा जीव जास्त काळ राहिलाय तिथे वेगवेगळ्या ठशांची गर्दी असते आणि जिथे नवा आहे तिथे एखाददुसरा ठसा. थोरलीला हे पाठ होतं. हे ती नवीन मुलांना शिकवायची.

निकाल आला. तात्यांच्या बाटलीतले सहाही तुकडे एकाच ठशाचे, आणि तो ठसा जावयाच्या सुकाणूवरच्या थराचा. केसाचा फरक नाही. थोरली खुर्चीत मागे टेकली. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर आधी बरंच वाटलं. माणसाचा संशय खरा ठरला की त्याला स्वतःचाच अभिमान वाटतो, मग त्या संशयाखाली सख्खी बहीण का चिरडेना.

तिनं तात्यांना फोन केला. "अजून सगळं झालेलं नाही," ती म्हणाली, "पण होडीवरचं आणि तुमच्या दोरांवरचं एकच आहे."

"मला माहीतच होतं," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज तिला थकलेला वाटला.

संध्याकाळपर्यंत ही बातमी धक्काभर झाली. धाकटीचा फोन आला. ती रडत नव्हती, आणि त्याचंच थोरलीला जास्त लागलं. "ताई, मी सामान बांधलंय," ती म्हणाली. "तो जाईल तिथे मी जाणार. बाळंतपण तिकडेच होईल. आई दार लावून बसलीय. तुला एवढंच सांगायचं होतं की तू लग्नात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुला मिळालं." आणि तिनं फोन ठेवला.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे पाठीमागे शंकासुर म्हणायचे, आणि त्यांना ते माहीत होतं. दुसऱ्या दिवशी थोरलीनं निकालाचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते वाचले, चष्मा कपाळावर चढवला आणि पुन्हा वाचले.

"बाकी प्रत्येकाच्या दोरांवर तीन-चार ठसे आहेत," ते म्हणाले. "या सहा दोरांवर मिळून एकच. तुला विचित्र नाही वाटलं?"

"होडी नेहमी त्याच दोरांपाशी लागायची. तिथूनच पसरलं असेल."

"असेल. हे तुकडे काढले कोणी?"

"वडिलांनी."

"तू होतीस तेव्हा?"

शंकासुरांनी कागद तिच्याकडे सरकवले. "अख्ख्या खाडीवर संशय घेतलास," ते म्हणाले, "एक माणूस तेवढा सोडलास."

ती रागानंच उठली. तिच्या वडिलांबद्दल हे बोलायला यांची जीभ कशी रेटते, असं मनात म्हणत तिनं ती बाटली काढली आणि उरलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, शंकासुरांना खोटं पाडायला. तुकडा उलटा केला. त्याच्या खालच्या अंगाला, जिथे तो कशाला तरी चिकटला होता तिथे, तांबडे कण होते. दुसऱ्या तुकड्याला होते, तिसऱ्यालाही. दोराला कोणी रंग लावत नाही. आणि खाडीत तांबडा तळ एकाच होडीचा होता.

मग तिनं रिकाम्या बाटल्यांची पेटी उचलली.

घरी पोचली तेव्हा तात्या मागच्या दारी दोरांच्या गाठी तपासत होते. ती पुन्हा नमुने घ्यायला आलीय म्हटल्यावर त्यांचे हात थांबले. "थांब, मीच आणून देतो," ते म्हणाले. "पाणी गार आहे आज."

"नको, तात्या. मी जाते."

"माझ्या हातचं चालत नाही का आता?"

"मी जाते," ती पुन्हा म्हणाली, आणि त्यांच्या डोळ्यांत न बघता होडीत बसली. जन्मात पहिल्यांदाच तिनं वडिलांना नाही म्हटलं होतं असं नाही, पण असं कधी म्हटलं नव्हतं.

तात्यांच्या दोरांवर तो थर बोटभर जाड होता. इतका जाड तिनं खाडीत दुसरीकडे कुठेच पाहिला नव्हता. तिनं प्रत्येक दोराचे वरचे, मधले आणि खालचे तुकडे घेतले. परत येताना ती तात्यांच्या दोरांच्या शेडवरून गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पिंपं होती, आणि पिंपांत खाऱ्या पाण्यात जाड परदेशी दोर बुडवून ठेवले होते. गेल्या काही वर्षांत तात्यांनी समुद्रापलीकडच्या एका बंद पडलेल्या शिंपलेशेतीतले दोर आणवले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. अख्खा उन्हाळा वाळवले, असं त्यांनी सभेत सांगितलं होतं. अध्यक्षांच्या शब्दावर कोण शंका घेणार?

पिंपाच्या काठाला हात लावून उभी असताना तिला लहानपणचे तात्या आठवले. तिला मांडीवर घेऊन ते सांगायचे, "कोरा दोर शिंपल्यांचं बी धरत नाही बघ. एकदा शिंपले वाढवलेला दोर तो लेकुरवाळा. त्याच्याकडे बी आपणहून येतं. पण त्याला वाळवायचा नाही. वाळला की त्याची माया आटते." ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं, त्यांच्या वडिलांनीही असेच दोर ओले ठेवले होते. तेव्हा ते दोर याच खाडीतले असायचे, म्हणून निभावलं. जगभरचे समुद्र धुंडाळणाऱ्या थोरलीला आपल्याच शेडमध्ये डोकावायचं सुचलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

दुसरा निकाल सभेच्या आदल्या दिवशी आला. तात्यांच्या दोरांवर डझनभर ठसे होते. खाडीत इतर कुठेही सापडलेला प्रत्येक ठसा त्यांत होता, सुकाणूवरचाही. त्यांच्या दोरांपासून जसजसं लांब जावं तसतसे ठसे कमी होत गेले होते. जावयाच्या जुन्या बंदरातल्या ओळखीच्या संशोधिकेनं पाण्यात उतरून पाहिलं होतं. तिथे हा जीव नव्हताच. आणि समुद्रापलीकडच्या ज्या किनाऱ्यावरून ते दोर आले, तिथल्या लोकांनी पूर्वीच नोंदवून ठेवलेल्या ठशांशी तात्यांच्या दोरांवरचे जुळले. जावयानं हा जीव आणला नव्हता, त्याच्या होडीलाच तो इथून लागला होता.

सभेला तासभर राहिला असताना तिनं तात्यांना शेडमध्ये गाठलं.

"तुम्ही सहाही तुकडे त्याच्या सुकाणूवरून काढलेत," ती म्हणाली.

तात्यांनी नाकारलं नाही. ते पिंपावरच्या फळीवर बसले. "पहिल्याच वर्षी दोरांवर दिसलं मला. वाटलं, जाईल. मग दुसऱ्यांच्या दोरांवर दिसायला लागलं. मी नियम केलेला, मीच लोकांना दंड लावलेला. कोणत्या तोंडानं सांगणार होतो?"

"म्हणून त्याच्यावर ढकललंत?"

"मी नाही ढकललं. लोकच म्हणत होते. मी फक्त नाही म्हणालो नाही." त्यांनी फळीवरचं पाणी हातानं पुसलं. "आणि तो परका आहे. त्याला दुसरं बंदर आहे. मला कुठलं आहे?"

"धाकटीच्या पोटात त्याचं मूल आहे, तात्या. तुमचं नातवंड आहे ते."

"म्हणून तर ती इथेच राहील म्हणालो."

थोरलीला खूप राग आला आणि तेवढीच दयाही आली, आणि दोन्हींचं काय करायचं ते तिला कळेना. "तुम्हाला कळलं होतं की मी त्या बाटलीची शहानिशा करणार नाही," ती म्हणाली.

"हो," तात्या म्हणाले. "तेवढी खात्री होती."

सभेला झाडून सगळे आले होते. धाकटी मागच्या खुर्चीवर, पायांपाशी बॅग. थोरली बोलायला उठणार तोच दाराशी उभा असलेला जावई म्हणाला, "तपासणीचं राहू द्या. होडी माझी आहे. मी उद्या निघतो. घरात वाद नकोत." खोलीत सुटका झाल्यासारखी कुजबुज झाली. तात्या समोर अध्यक्षांच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. थोरलीला दिसलं की आता आपण नुसतं गप्प बसायचं आहे. तिला कोणी विचारणार नव्हतं. बापाची अब्रू राहणार होती, आणि ज्याला सगळे चोर समजत होते तो स्वतःच कबूल करून जाणार होता.

तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी तिच्याकडेच बघत होती, चेहऱ्यावर कसलीच अपेक्षा नव्हती.

"होडीनं आणलेलं नाही," थोरली म्हणाली. "माझ्या वडिलांच्या दोरांवरून आलंय. दोर वाळवलेले नव्हते. मी आधी जे सांगितलं ते चूक होतं, कारण तो नमुना मी स्वतः घेतलेला नव्हता." मग तिनं ठसे कसे जुळले ते सगळं समजावलं, आणि बोलताना एकदाही तात्यांकडे पाहिलं नाही. बाटलीत तुकडे कुठून आले हे मात्र तिनं सांगितलं नाही. ते जावयाला आपोआप कळलं. त्यानं तात्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या होडीच्या दिशेनं.

तात्या उठले. "नियम तो नियम," ते म्हणाले. "माझे दोर उद्या काढा." खुर्ची नीट मागे सारून ते बाहेर गेले. चाळीस वर्षं त्यांनी या खाडीत शिंपले पिकवले होते.

बाहेर थोरलीनं जावयाला गाठलं. तिला माफी मागायची होती. तोच म्हणाला, "फोनवर तुम्ही तात्यांना सांगितलंत, तेव्हा तुम्हाला शंका आली नाही ना, ताई?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही आली."

त्यानं मान हलवली. धाकटीची बॅग उचलली आणि तिला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या. आता ते धक्क्यापलीकडे खोली घेणार होते. होडी खाडीत राहणार होती, ते मात्र तात्यांच्या घरात राहणार नव्हते. धाकटी जाताना थांबली, थोरलीच्या गालावरून हात फिरवला आणि गेली.

घरी स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता. आई आतल्या खोलीत होती. तात्या टेबलापाशी बसले होते. थोरली आल्यावर ते उठले, माठातून पाणी काढलं आणि पेला तिच्यापुढे धरला. "घसा सुकला असेल," ते म्हणाले. "बरंच बोललीस."

तिनं पेला घेतला. तिला खरंच तहान लागली होती. आणि रोजच्या कामातली सवय म्हणा किंवा आणखी काही म्हणा, ओठांना लावण्याआधी तिनं तो दिव्याकडे उचलून धरला आणि आत बघितलं. आपण काय केलं ते कळेपर्यंत तात्यांनी पाहिलं होतं.

"गाळलेलं आहे," ते म्हणाले.